निवांत भटकंतीसाठी स्पोर्ट क्वाड घेताय? या चुका टाळा

ऑक्टोबरात ॲरिझोनातल्या फिनिक्सचा उन्हाळा एकदाचा ओसरतो आणि इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ट्रेलर, हेल्मेट आणि जुन्या क्वाडच्या (चार जाड टायरांच्या, हँडलवाल्या कच्च्या रस्त्यांवरच्या गाड्यांच्या) जाहिराती फिरू लागतात. सोबत प्रश्नही येतो, आणि तो बहुतेक वेळा सीसीचाच असतो: 450 घेऊ की 700? बेत मात्र साधा असतो. टेबल मेसाचे दगडी चढ, विकेनबर्गकडचे कोरडे ओढे, फोर पीक्सच्या पायथ्याचे कच्चे रस्ते फिरायचे, मध्येच पालोवर्देच्या झाडाच्या विरळ सावलीत थांबून डबा खायचा, अंधाराच्या आत घरी. यात पूर्ण थ्रॉटल मारायची वेळ फारशी येतच नाही. दिवस जातो तो पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. म्हणून क्वाड रेंगाळताना कशी वागते, हे बघून निवड करावी असं माझं ठाम मत आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे न बघितल्यामुळेच होतात.

आधी एक गोष्ट. बायकोला किंवा मुलाला मागे बसवून फिरायचं डोक्यात असेल तर स्पोर्ट क्वाड, म्हणजे एकट्याने चालवायची हलकी क्वाड, घेऊच नका. तिची सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून. मागे माणूस बसला की वजन मागच्या ॲक्सलकडे सरकतं आणि चढावर गाडी उताणी व्हायला वेळ लागत नाही. गप्पा मारत जायचं तर साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी बसायची, स्टिअरिंगवाली गाडी) घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि मोठ्यांच्या क्वाडवर 16 वर्षांखालच्यांनी बसू नये, असा इशारा खुद्द गाडीवरच चिकटवलेला असतो. "आमचा बारा वर्षांचा आहे, पण उंच आहे" हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

रेसची 450 घेऊन रमतगमत जाणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. यामाहा वायएफझेड450आर, होंडा टीआरएक्स450आर, सुझुकी एलटी-आर450 या गाड्या दिसायला देखण्या आणि सेकंडहँड बाजारात भरपूर. पण त्या मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी घडवलेल्या आहेत. इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला, सस्पेन्शन उड्या झेलण्यापुरतं कडक, आणि रुंदी इतकी की अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंचं कॅटक्लॉचं झुडूप हात ओरबाडतं. माणसाच्या चालीने दगडांतून चढताना या गाड्यांना पहिला गिअरही मोठा पडतो. मग सतत क्लच अर्धा दाबून धरायचा, गाडी बंद पडू नये म्हणून थ्रॉटल द्यायचा, आणि दुपारपर्यंत डावा हात भरून येतो. क्लच प्लेटी तेलातच असतात, त्यामुळे त्या घासून तापल्या की तेलही तापतं.

ज्यांनी आरएक्स 100 आणि बुलेट दोन्ही चालवल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको. आरएक्स पिळली की पळते, बुलेट मात्र खालच्या आरपीएमला ढुकढुक करत चढ ओढून नेते. वाळवंटातल्या वाटांना ही दुसरी जात हवी.

त्या जातीच्या स्पोर्ट क्वाड आहेत. नवी घ्यायची तर यामाहा रॅप्टर 700आर. 686 सीसीचं एकच सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, रिव्हर्स, आणि टाकी साधारण 11 लिटरची. आकडा ऐकून लोक दचकतात, पण ही गाडी तळातच ओढते, त्यामुळे ती सावकाश चालवणं 450 पेक्षा सोपं जातं. फक्त अंगठा हलका हवा. पहिल्यांदाच क्वाडवर बसणाऱ्याच्या हातात मी ती देणार नाही.

जुन्यांत माझी पसंती होंडा 400ईएक्सला. 1999 साली आलेली, 397 सीसी, एअरकूल्ड. रेडिएटर नाही, म्हणजे फांदीने फुटायला रेडिएटरही नाही. व्हॉल्व्हचं सेटिंग स्क्रू आणि नटचं, घरच्या घरी होतं. 2005 पासूनच्या गाड्यांना रिव्हर्स आहे. पुढे तिचंच नाव 400एक्स झालं. तिच्या तोडीस तोड सुझुकी झेड400: 2003 ची, वॉटरकूल्ड, रिव्हर्ससकट, आणि 2009 पासून फ्युएल इंजेक्शनवाली. त्या सुरुवातीच्या वर्षांतली कावासाकी केएफएक्स400 आणि आर्क्टिक कॅट डीव्हीएक्स400 म्हणजे रंग बदललेली झेड400च, त्यामुळे जाहिराती चाळताना तिन्ही नावांनी शोधा. कधी कधी अप्रसिद्ध नावाची गाडी स्वस्तात मिळून जाते.

वजनाने हलक्या किंवा नवख्या माणसाने होंडा टीआरएक्स250एक्स नक्की बघावी. सीसी जेमतेम 229. पण तिच्या क्लचची रचना अशी की क्लच न दाबता थांबलात तरी इंजिन बंद पडत नाही. लोक तिला "पोरांची गाडी" म्हणून नाकं मुरडतात, मोठी घेतात आणि पहिल्या मोसमात तीस फुटांच्या चढावर चारदा बंद पडतात.

रिव्हर्सला किरकोळ समजणं

"पुढेच तर जायचंय, रिव्हर्स कशाला?" असं शोरूममध्ये वाटतं. सोनोरन वाळवंटातल्या वाटा बऱ्याचदा कोरड्या ओढ्यांतून जातात. इथे त्यांना वॉश म्हणतात. वळणावर समोर गाडीएवढी शिळा येते, किंवा पुराने आणून टाकलेलं मेस्किटचं झाड आडवं असतं. दोन्ही बाजूंना छातीएवढे काठ, गाडी वळवायला जागा नाही. अशा वेळी रिव्हर्स नसलेली क्वाड म्हणजे 180 ते 190 किलोंचं धूड मागचा बार धरून वाळूतून ओढणं. तरुण असाल तर एकदा जमेल. दुसऱ्या दिवशी कंबर धरून ऑफिसात बसाल.

रेसच्या 450 ना बहुधा रिव्हर्स नसतो. कावासाकी केएफएक्स450आर हा अपवाद, तिला आहे. यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बॅन्शी, जिचं इथे लोकांना भलतं वेड आहे, तिलाही नाही, आणि सेल्फस्टार्टही नाही. ती आवाजासाठी घ्यावी, भटकंतीसाठी नको.

ग्लॅमिसहून आलेली "भारी केलेली" गाडी

ॲरिझोनाच्या सीमेपलीकडे कॅलिफोर्नियात इम्पीरियल सँड ड्यून्स आहेत, लोक त्यांना ग्लॅमिस म्हणतात. तिथे वर्षानुवर्षं पळवलेल्या क्वाड फिनिक्सच्या बाजारात येतात. विकणारा एकेक सामान मोजून दाखवतो, आणि आपल्याला वाटतं एवढं सगळं फुकटात मिळतंय. त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं नसतं. वाळू उपसणारे वल्ह्यांसारखे पट्टे असलेले पॅडल टायर दगडांवर निरुपयोगी. लांब केलेला स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा दांडा) वाळूच्या चढावर गाडीचं तोंड खाली ठेवतो, पण ओढ्यातल्या वळणांवर तीच लांबी नडते. हाय-कॉम्प्रेशन पिस्टन टाकला असेल तर साधं पेट्रोल चालेलच असं नाही, कदाचित रेस फ्युएलचे डबे बाळगावे लागतील. सायलेन्सर बदललेला असेल तर त्यात स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आहे का बघा. वाळलेल्या गवतात ठिणगी पडली तर काय होतं ते इथल्या वणव्यांवरून कळावं. आवाजालाही ॲरिझोनात 96 डेसिबलची मर्यादा आहे.

खरी तपासणी मात्र एअरबॉक्सची, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याची. सीट काढा, झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत स्वच्छ रुमाल गुंडाळलेलं बोट फिरवा. रुमालावर तपकिरी पीठ आलं तर ती धूळ इंजिनात गेलेली आहे. बाकी गाडी कितीही चकाचक असो, किंमत मोडूनच बोला किंवा नमस्कार करून निघा. रेसच्या बऱ्याच 450 मध्ये टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतात. हलके, पण धुळीने त्यांचा वरचा कठीण थर झिजला की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो, क्लिअरन्स संपतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. त्या कामाचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या तुलनेत जिवावर येतो. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं, तर का ते विचारा.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हातात धरून हलवा. पुढे खटखट झाली तर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, मागे झाली तर ॲक्सलचं बेअरिंग. फ्रेमला ए-आर्म (पुढची चाकं धरणारे त्रिकोणी दांडे) जिथे जोडलेले असतात तिथे टॉर्च मारून तडे किंवा ताजं वेल्डिंग शोधा. कागदपत्रांत टायटल (मालकीचा कागद) विकणाऱ्याच्याच नावावर आहे आणि फ्रेमवरचा नंबर तोच आहे, एवढं न बघता पैसे देऊ नयेत.

घेतली, आता त्रास देते

समजा रेसची गाडी घेऊन झालीच आहे, किंवा चांगली घेऊनही ती वाटेवर छळते. बरेच त्रास थोडक्यात सुटतात.

*चढावर सारखी बंद पडते.* आधी आयडल बघा, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं आहे का. असेल तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने कमी करा. रॅप्टर 700 आणि वायएफझेड450आर दोन्हींना कंपनीकडून पुढे 14 आणि मागे 38 दाते येतात. पुढे 13 केले की गिअरिंग सात-आठ टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे मागे जवळजवळ तीन दाते वाढवल्यासारखं. टॉप स्पीड तेवढा जातो, त्याची आपल्याला गरज नाही. क्लचवरचा ताण लगेच कमी जाणवतो. अख्ख्या लेखात एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारं दुसरं काही नाही.

*आरपीएम वर जातच नाही, मिसफायर केल्यासारखी फटफटते.* इंजेक्टर, प्लग, कॉइल बदलायच्या आधी पार्किंग ब्रेक बघा. यामाहाच्या बऱ्याच स्पोर्ट क्वाडवर तो लागलेला असला की इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ दिलं जात नाही. केबल जरा ताणलेली असेल किंवा स्विच अडकला असेल तरी गाडीला वाटतं ब्रेक लागलाय. ब्रेक खरोखरच घासत असेल तर मागची डिस्क तापून वास येतो.

*तापते.* सावकाश चालताना रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर. काही रेस क्वाडना कंपनीचा पंखाच नसतो, कारण ट्रॅकवर त्या थांबतच नाहीत. अशी गाडी घेतली असेल तर पंख्याचा किट बसवून घ्या. पंखा असूनही तापत असेल तर तो फिरतो का पाहा, फ्यूज पाहा, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे काढा. जोराची धार मारली की जाळीची पानं वाकतात. वाटेवर इंजिन तापल्याचा दिवा लागला तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबा आणि रेडिएटरच्या कॅपला हात लावू नका. वारा पाठीमागून येत असताना लांब चढ असेल तर एअरकूल्ड गाडीलाही अधूनमधून विसावा द्यावा.

*हात झणझणतात, मनगटं दुखतात.* इथे लोक थेट नवे शॉक घ्यायला निघतात. त्याआधी टायरची हवा. स्पोर्ट क्वाडच्या टायरमध्ये साधारण 4 ते 5 पीएसआय लागतो, आणि कारचा गेज एवढ्या कमी दाबाला नीट आकडा दाखवतच नाही. "हाताने दाबून बघितलं" म्हणणाऱ्यांच्या टायरमध्ये बहुतेक वेळा दुप्पट हवा निघते. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या आणि सकाळी टायर थंड असताना बघा. दगडांचीच वाट असेल तर रिम ठेचू नये म्हणून एखादा पीएसआय जास्त ठेवा.

मग शॉक. कॉम्प्रेशनचा स्क्रू आधी हलकेच घट्ट होईपर्यंत आत फिरवत किती क्लिक झाले ते मोजा आणि तो आकडा मडगार्डच्या आतल्या बाजूला टेप लावून लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तरी मूळ जागी परत येता येईल. आता मूळ जागेपासून दोन क्लिक बाहेर काढा, तोच एक मैलाचा रस्ता पुन्हा चालवा. बरं वाटलं तर आणखी दोन. एका वेळी एकच गोष्ट बदला, पुढचे-मागचे शॉक एकदम फिरवलेत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

*उजवा अंगठा दुखतो.* मोटरसायकलवरून आलेल्यांना हे हमखास होतं, कारण क्वाडचा थ्रॉटल पिळायचा नसतो, अंगठ्याने ढकलायचा असतो. लिव्हरचा कोन बदला, अंगठा मनगटाच्या सरळ रेषेत यायला हवा. केबलला तेल द्या. अजून दुखलं तर जरा लांब लिव्हर मिळतो, तो बसवा. लांबी वाढली की लागणारा जोर कमी होतो.

*पंक्चर.* वाळवंटात राहायचं तर ही होणारच. मेस्किटचे काटे खिळ्यासारखे असतात. कंपनीचे टायर पातळ असतात, दगडी वाटांना सहा प्लायचे (थरांचे) घ्या, जरा जड वाटतील. प्लग किट आणि छोटा पंप सीटखाली कायम असू द्या. जोडीला एक मोठ्या दातांची फणी ठेवा. ती केसांसाठी नाही, चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा पोटरीला चिकटला की तो काढायला. हाताने ओढलात तर तो हाताला चिकटतो. फणीचे दात गोळा आणि कातडी यांच्यामध्ये घालून झटक्यात उडवायचा, समोर कोणी उभं नाही हे बघून.

पाय

सामान घेताना लोक लाइटबार, स्पीकर, हँडलचे रंगीत गार्ड घेतात आणि नर्फ बार विसरतात. स्पोर्ट क्वाडला पाय ठेवायला नुसता पेग असतो, खाली फळी नसते. दगडावर गाडी उसळली, पाय पेगवरून निसटून जमिनीला लागला, तर आपल्याच गाडीचं मागचं चाक तो पाय खाली ओढतं आणि पोटरीवर चढतं. नर्फ बार म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधला नळीचा दांडा आणि त्यात ताणलेली जाळी. टाचेच्या मागे गार्ड असलेलाच घ्या. पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. स्नीकर्स घालून आलेल्याला मी तरी गटात घेत नाही, भले तो रागावला तरी.

त्यानंतर पोटाखालच्या प्लेटा. या गाड्यांचा मागचा ॲक्सल अखंड असतो आणि स्प्रॉकेट, डिस्क त्यावरच लटकतात. जमिनीपासूनची उंची साधारण साडेचार इंच. तेवढ्या उंचीचा दगड दिसला की चाक त्याच्यावर घाला. दोन चाकांच्या मधून न्यायला गेलात तर दात तुटलेलं स्प्रॉकेट घेऊन परत याल.

नियमांचं थोडक्यात: ॲरिझोनात ओएचव्ही डिकल (ऑफरोड गाड्यांचा परवाना स्टिकर) दरवर्षी घ्यावा लागतो, 18 वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे (बाकीच्यांनी सक्तीची वाट बघू नये) आणि डोळ्यांवर गॉगल हवा. बुलडॉग कॅनियनसारख्या ठिकाणी फाटकाला कुलूप असतं, परमिट आधी काढावं लागतं. ग्लॅमिसला गेलात तर आठ फुटी काठीवरचा झेंडा लागतो. आणि जुलै ते सप्टेंबर मॉन्सूनचा काळ. डोक्यावर आकाश निरभ्र असलं तरी दूर डोंगरात पाऊस पडलेला असतो आणि ओढा बघता बघता भरतो, तेव्हा त्या दिवसांत ओढ्याच्या पात्रात डबा उघडून बसू नका.

उन्हाळ्यात गॅरेजमध्ये टाकून देणं

मे महिन्यात क्वाड धुवून कोपऱ्यात लावतात आणि ऑक्टोबरात ती सुरू होत नाही, किंवा चोक ओढलेला असेल तरच चालते. दुसरी तक्रार कार्ब्युरेटरवाल्या गाडीचीच. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उष्णतेत उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि पायलट जेटचं (मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं) केसाएवढं भोक बुजतं. जेट काढून क्लीनर मारा, तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. हे टाळायचं तर ठेवण्याआधी टाकीत स्टॅबिलायझर घाला, गाडी पाचेक मिनिटं चालवा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून ती रिकामी करा. इंजेक्शनच्या गाडीला स्टॅबिलायझर आणि भरलेली टाकी पुरते. तिची खरी दुखरी जागा बॅटरी आहे, कारण बॅटरी बसली तर पंपही चालत नाही, आणि रॅप्टर 700 ला किक नाही. फिनिक्सच्या गॅरेजमधल्या उकाड्यात बॅटरी एका उन्हाळ्यात मान टाकते. ती काढून घरात एसीत ठेवा आणि महिन्यातून एकदा टेंडर (बॅटरीचा मंद चार्जर) लावा.